दोन लढायांच्या मधली वीस वर्षं : पोलंड

पंचगंगाकाठ

माझी आज्जी वळिवड्याजवळच्या एका वाडीतली. लहानपणी ती आईबरोबर भाजीची पाटी घेऊन कॅम्पात जायची. कॅम्प म्हणजे पोलंडच्या निर्वासितांचा. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं कोल्हापूरच्या वेशीवर जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं राहत होती, त्यात बायका आणि पोरंच जास्त. पोलंड नकाशावर कुठं आहे हे आज्जीला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पण एक गोष्ट ती हमखास सांगायची : "लढाईनं घरदार गेलेलं त्यांचं. हितनं उद्या उठवतील का परवा, तेचाबी भरवसा न्हाई. पन दारात फुलं लावल्याबिगर एक बाई ऱ्हायली न्हाई. भाजी घेता घेता झेंडूच्या बिया मागायच्या."

त्या बिया माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. म्हणून गेली तीन-चार वर्षं जमेल तसं पोलंडवर वाचते आहे. वाचताना जे जाणवलं ते इथं मांडते. चुकलं तर सांगा.

पोलंडचा इतिहास काढला की पहिल्यांदा नुसती युद्धांची यादीच हाती येते. १६४८ मध्ये कोसॅकांचं बंड, १६५४ मध्ये रशियाची स्वारी, १६५५ मध्ये स्वीडनची. या स्वीडिश स्वारीला पोलिश लोक 'पोतोप' म्हणतात, म्हणजे महापूर. (२०१९ नंतर आम्हा कोल्हापूरकरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.) स्वीडनशी तह १६६० मध्ये, रशियाशी १६६७ मध्ये. पाच वर्षं जातात न जातात तोच १६७२ मध्ये तुर्क. १६८३ मध्ये राजा यान सोबिएस्की व्हिएन्नाच्या मदतीला धावला आणि तुर्कांचा वेढा मोडला, पण तुर्कांशी शेवटचा तह व्हायला १६९९ उजाडलं. आणि १७०० मध्ये उत्तरेचं महायुद्ध सुरू. ते एकवीस वर्षं चाललं. रशिया आणि स्वीडनची फौज एकमेकांशी लढत होती ती पोलंडच्या शेतांतून.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं हा देश गिळला. १२३ वर्षं पोलंड नावाचा स्वतंत्र देश नकाशावर नव्हता. १७९४, १८३०, १८६३ असे उठाव झाले, तिन्ही चिरडले गेले. १९१८ मध्ये देश परत मिळाला आणि १९३९ मध्ये पुन्हा गेला.

मी बराच काळ याच क्रमानं वाचत होते, लढाईकडून लढाईकडं. मग एकदा वहीत आडवी रेघ मारून युद्धाची वर्षं लाल पेन्सिलीनं रंगवली आणि मधल्या कोऱ्या जागांकडं बघत बसले. १७७२ ते १७९२, वीस वर्षं. १८१५ ते १८३०, पंधरा वर्षं. १९२१ ते १९३९, अठरा वर्षं. पोलंडची खरी गोष्ट या कोऱ्या जागांत आहे असं माझं मत झालंय. या लोकांनी त्या जागांत जे उरकलंय ते बघून छाती दडपते.

पहिली जागा घ्या. १७७२ मध्ये देशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. दुसऱ्याच वर्षी, १७७३ मध्ये, त्यांनी शिक्षणासाठी राष्ट्रीय आयोग नेमला. सरकारचं असं शिक्षणखातं युरोपात पहिलंच मानलं जातं. शाळा, पाठ्यपुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण. आणि ३ मे १७९१ ला लिखित राज्यघटना, युरोपातली पहिली आधुनिक घटना. वर्षभरात रशियाचं सैन्य आत आलं. घटना गेली, पण ३ मे हा आजही तिथं राष्ट्रीय सण आहे.

दुसरी जागा. १८१५ मध्ये रशियाच्या झारच्या हाताखाली का होईना, एक छोटं पोलिश राज्य मिळालं. १८१६ मध्ये वॉर्सा विद्यापीठ, १८२८ मध्ये बँक, वूच गावात कापडाचे कारखाने. १८३० च्या उठावानंतर विद्यापीठाला टाळं लागलं.

तिसऱ्या जागेतलं एकच उदाहरण देते, ग्दिनिया बंदराचं. १९२० मध्ये पोलंड सोव्हिएत रशियाशी लढत होता. शस्त्रं समुद्रमार्गे यायची ती ग्दान्स्कमधून. पण ग्दान्स्क तेव्हा पोलंडच्या हातात नव्हतं, वस्ती जर्मन. ऐन लढाईत तिथल्या गोदी कामगारांनी पोलंडचा माल उतरवायला नकार दिला. हा चटका बसल्यावर पोलंडनं ठरवलं, आपलं बंदर आपण बांधायचं. ग्दिनिया म्हणजे हजारभर वस्तीचं मच्छिमारांचं खेडं. किनाऱ्यावर जाळी वाळत घातलेली, मागं रेती आणि दलदल. १९२६ मध्ये ते शहर झालं. पुढं सायलेशियाच्या खाणींपासून थेट तिथपर्यंत कोळशासाठी रेल्वे आली. १९३९ पर्यंत वस्ती लाखावर गेली होती आणि बाल्टिकवरच्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होत होती. एका पिढीच्या आत! १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनांनी ते घेतलं, पोलिश माणसांना हाकललं आणि शहराचं नावसुद्धा बदललं.

ज्यांनी ते बांधलं त्यांना अठराच वर्षं मिळणार आहेत हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर बांधलं नसतं का? मला वाटतं, तरीही बांधलं असतं.

भूगोलवेडा

ताई, धागा फार आवडला. एक भर घालतो. पोलंड हे नावच मैदानावरून आलंय. 'पोले' म्हणजे शेत, मैदान. तिथल्या जुन्या टोळीचं नाव पोलानी, मैदानात राहणारे. दक्षिणेला कार्पेथियन डोंगर, उत्तरेला समुद्र, पण पूर्व-पश्चिम बाजू सताड उघड्या. बर्लिनहून निघालेला घोडेस्वार मॉस्कोपर्यंत गेला तर वाटेत त्याला नद्या लागतील, घाट लागणार नाही. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. शत्रू आला की गडावर जायचं हे आपल्या रक्तात आहे. तिथं चढायला गडच नाही. दोन्हीकडं बलाढ्य शेजारी आणि मध्ये सपाट शेत, मग दुसरं काय होणार?

जुनीपोथी

भूगोलवेडा, भूगोलाला एवढं माप देऊ नका. हेच मैदान १४१० मध्येही होतं आणि तेव्हा ग्रुनवाल्डला पोलंड-लिथुएनियानं जर्मन सरदारांच्या ट्यूटॉनिक संघाला धूळ चारली. हेच मैदान १६०० मध्येही होतं आणि पोलंड-लिथुएनिया हे युरोपातल्या सर्वांत मोठ्या राज्यांपैकी एक होतं. मैदान बदललं नाही, राज्य आतून पोखरलं गेलं.

आणि पंचगंगाकाठ, तुमच्या वहीतली एक कोरी जागा तुम्ही सोडलीत. मला वाटतं ती सर्वांत महत्त्वाची आहे. राजा तिसरा ऑगस्ट, मूळचा जर्मनीतल्या सॅक्सनीचा, १७३३ ते १७६३. सुरुवातीची गादीसाठीची लढाई सोडली तर पाव शतकाहून जास्त शांतता! पोलंडला नंतर एवढी सलग शांतता कितीतरी काळ मिळाली नाही. काय केलं तिचं? काही नाही. त्यांच्या संसदेत, म्हणजे सेममध्ये, एक नियम होता : एका सभासदानं जरी 'मला मान्य नाही' म्हटलं तरी अख्खं अधिवेशन मोडायचं, आधी मंजूर झालेलंही रद्द व्हायचं. १६५२ मध्ये हे हत्यार पहिल्यांदा वापरलं गेलं. तिसऱ्या ऑगस्टच्या तीस वर्षांत एकच अधिवेशन पूर्ण झालं, १७३६ चं. बाकी सगळी मोडली. रशिया आणि प्रशियाला स्वारीची गरजच नव्हती, एक सभासद विकत घेतला की भागायचं. सैन्यावर १७१७ मध्येच २४,००० ची मर्यादा घातलेली, आणि प्रत्यक्षात तेवढंही उभं नव्हतं. शेजारचा प्रशिया त्याच काळात लाखांच्या घरात सैन्य पोसत होता.

पोलिश भाषेत त्या काळाची एक म्हण आहे. तिचा अर्थ असा : सॅक्सन राजाच्या राज्यात खा, प्या आणि कंबरपट्टा सैल करा. सरदार मंडळींनी अक्षरशः तेच केलं. १७७२ ला जे झालं त्याची पायाभरणी या शांततेच्या तीस वर्षांत झाली.

पंचगंगाकाठ

जुनीपोथी, मान्य. ही जागा मी सोडली होती कारण ती माझ्या म्हणण्यात बसत नव्हती, हे कबूल करते. पण आता तुमच्यामुळं ती बसली. १७७३ ला शिक्षण आयोग नेमणारी माणसं तीस वर्षं कंबरपट्टा सैल करून बसलेल्यांचीच मुलं. देशाचा लचका तुटल्यावर त्यांना जाग आली. १७९१ च्या घटनेनं तो एका मताचा नियम पहिल्या झटक्यात काढून टाकला.

एक सांगायचं राहिलं. १७९५ ची तिसरी फाळणी २४ ऑक्टोबरची. त्याच महिन्यात इकडं पुण्यात सवाई माधवराव गेले. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही, पण तारखा शेजारी-शेजारी लिहिल्यावर माझा हात थांबला. खर्ड्याच्या विजयाला आठ महिनेही झाले नव्हते.

कोकणकडा

एक शंका. पोलिश घोडदळानं १९३९ मध्ये जर्मन रणगाड्यांवर भाल्यांनी हल्ला केला असं शाळेत असताना वाचलं होतं. खरं आहे का?

जुनीपोथी

नाही. १ सप्टेंबर १९३९ ला क्रोयांती गावाजवळ पोलिश घोडदळानं जर्मन पायदळावर हल्ला केला आणि त्यांना मागं रेटलं. तेवढ्यात जर्मनांच्या चिलखती गाड्या आल्या, त्यांनी मशिनगनचा मारा केला, बरेच स्वार पडले. नंतर घटनास्थळी पत्रकारांना नेलं तेव्हा तिथं मेलेले घोडे होते आणि रणगाडे होते. त्यावरून कथा तयार झाली आणि जर्मन प्रचारानं ती जगभर नेली. पोलिश माणसं अजून ती खोडत बसली आहेत. शूर होते, वेडे नव्हते.

मुक्काम वॉर्सा

नमस्कार. मी गेली नऊ वर्षं कामानिमित्त वॉर्सात आहे. वाचनमात्र असतो, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

इथं आल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात, १ ऑगस्टला, मी ऑफिसातून ट्रामनं घरी चाललो होतो. बरोबर पाच वाजता भोंगे वाजायला लागले. ट्राम थांबली. मोटारी चौकात जिथल्या तिथं थांबल्या, माणसं खाली उतरून उभी राहिली. एक मुलगा सायकल हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभा. माझ्या शेजारच्या आजीबाई सीटच्या दांडीला धरून कशाबशा उठल्या. मीही उठलो, का ते माहीत नव्हतं. एक मिनिट गेलं, भोंगे थांबले, ट्राम सुरू झाली. कुणी काही बोललं नाही.

१ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता वॉर्साचा उठाव सुरू झाला. ६३ दिवस शहर लढलं. रशियन सैन्य सप्टेंबरात नदीच्या पलीकडच्या काठावर येऊन पोचलं होतं, पण शहर वाचलं नाही. दीड ते दोन लाख नागरिक मेले. उरलेल्यांना बाहेर काढून जर्मनांनी शहर पद्धतशीर पाडलं, एकेक गल्ली जाळत, इमारतींना सुरुंग लावत.

तुम्ही फोटोत बघता तो जुन्या शहराचा रंगीत चौक १९५३ मधला आहे. सगळा नव्यानं बांधलेला. बेलोत्तो नावाच्या अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकारानं काढलेली वॉर्साची चित्रं समोर ठेवून आणि वास्तुशास्त्राच्या शिक्षकांनी-विद्यार्थ्यांनी जपून ठेवलेली मोजमापं वापरून. विटा देशभरातल्या ढिगाऱ्यांतून आणल्या. लोक म्हणतात, जुनं हुबेहूब उभं केलं. मी रोज त्या बाजूनं चालतो. जवळून बघितलं की कळतं, काही भिंतींत अर्धवट जळकी, जुनी वीट नव्या विटेत बसवलेली आहे. ती मुद्दाम दिसू दिली आहे.

आणि पंचगंगाकाठ, तुमच्या 'पोतोप'वरून आठवलं. २०१२ च्या उन्हाळ्यात इथं विस्तुला नदीचं पाणी फार खाली गेलं होतं, तेव्हा तळातून संगमरवरी खांबांचे तुकडे, कारंज्याचे भाग निघाले. १६५५ नंतर स्वीडिश सैन्यानं राजवाड्यातून उपटून होडीत भरलेला माल. होड्या बुडाल्या आणि साडेतीनशे वर्षं तो गाळात राहिला. इथं जमीन जरा खरवडली की कुठलीतरी लढाई वर येते.

सांजवात

मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते वाईट वाटून न घेता वाचावं ही विनंती.

पंचगंगाकाठ, तुमच्या कोऱ्या जागा कुणासाठी कोऱ्या होत्या? १९२१ ते १९३९ ला तुम्ही शांतता म्हणता. त्या देशात जवळजवळ तिसरा हिस्सा लोक पोलिश नव्हते : युक्रेनियन, ज्यू, बेलारूशियन, जर्मन. १९३० मध्ये पूर्वेकडच्या युक्रेनियन खेड्यांवर पोलिसांनी आणि फौजेनं कारवाई केली. वाचनालयं, सहकारी दुकानं मोडली, लोकांना झोडपलं. १९३४ मध्ये विरोधकांना खटल्याशिवाय डांबायची छावणी उघडली. १९३७ पासून कितीतरी विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात वेगळ्या बाकांवर बसवायला लागले. काही ज्यू मुलं तास संपेपर्यंत भिंतीशी उभी राहायची, पण त्या बाकावर बसायची नाहीत. काही पोलिश प्राध्यापकही त्यांच्याबरोबर उभे राहिले, तेही सांगायला हवं.

आणि युद्ध संपल्यानंतर, ४ जुलै १९४६ ला, किएल्त्से गावात जमावानं चाळीसच्या वर ज्यू माणसं मारली. ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेली माणसं! युद्धात पोलंडचे साठ लाखांच्या आसपास नागरिक मेले, त्यातले निम्मे ज्यू होते. देशाच्या दुःखात त्यांचं दुःख विरघळून जाऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

पंचगंगाकाठ

सांजवात, वाईट कसलं वाटणार? बरं झालं लिहिलंत. मी ग्दिनिया लिहिलं आणि ते बाक लिहिले नाहीत. दोन्ही त्याच अठरा वर्षांतले. माझी लाल पेन्सिल फक्त सैन्याच्या हालचालींवर फिरली होती. वहीत आता त्या कोऱ्या जागेवर १९३०, १९३४, १९३७ लिहिलंय.

तरी एक विचारते. देश सतत जाण्याच्या भीतीतून हा संशय आला असेल का? प्रत्येक वेगळी भाषा बोलणारा उद्याचा शत्रू वाटायला लागणं? समर्थन म्हणून विचारत नाही.

सांजवात

थोडा आला असेल. पण ज्यू शेजारी कुठल्या देशाचं सैन्य घेऊन येणार होते? भीती हे कारण असतं तसंच निमित्तही असतं.

मायमराठी७४

अप्रतिम चर्चा. वाचनखूण साठवली आहे. पु.ले.शु.

पलटणकर

मी सैन्यात होतो, मराठा लाइट इन्फंट्रीत. इटलीतल्या लढाईचा धागा जोडतो, कारण तो थेट वळिवड्याला येऊन मिळतो.

वळिवड्यात बायका-पोरंच का होती? कारण त्यांचे कर्ते पुरुष आणि वयात आलेली मुलं सैन्यात होती. १९३९ मध्ये रशियानं पूर्व पोलंड घेतला. १९४० च्या फेब्रुवारीपासून मालगाड्यांत कोंबून लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. त्याच वसंतात कॅटिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि कैदी गोळ्या घालून मारले. सोव्हिएत सरकारनं ते कबूल केलं १९९० मध्ये. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा स्टॅलिननं पोलिश कैद्यांना सोडायचं मान्य केलं. जनरल आंदेर्स यांनी त्यांतून सैन्य उभारलं आणि १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाच्या वर माणसं इराणात आणली, बायका-पोरांसकट. सैन्य पुढं इटलीत गेलं. कुटुंबं आफ्रिकेत, मेक्सिकोत आणि आपल्याकडं. जामनगरजवळ बालाचडीला मुलं, वळिवड्याला कुटुंबं.

१८ मे १९४४ ला माँते कासिनोच्या मठावर पोलिश झेंडा लागला. त्याआधीच्या फेऱ्यांत त्याच डोंगरावर आपल्या चौथ्या हिंदी डिव्हिजनची माणसं पडली होती. आणि ९ एप्रिल १९४५ ला सेन्यो नदीवर आठव्या आर्मीचा जो हल्ला झाला त्यात पोलिश कोअर आणि आठवी हिंदी डिव्हिजन एकाच दिवशी पाण्यात उतरली. आमच्या रेजिमेंटचे नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच दिवशीच्या पराक्रमाबद्दल. जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन त्यांनी नदी ओलांडली, मग शत्रूची मशिनगन ठाणी एकट्यानं मोडली.

लढाई जिंकली, पण त्या पोलिश शिपायांचं घर गेलं होतं. त्यांचा मुलूख, ल्वूवच्या आसपासचा, याल्टाच्या बैठकीत रशियाच्या हद्दीत गेला. शिपाई म्हणून मला हे वाचवत नाही. जिंकलेला माणूस घरी जाऊ शकत नाही, आणि बायको-मुलं कोल्हापुरात वाट बघताहेत.

भूगोलवेडा

पलटणकर, सलाम. आणि म्हणूनच वळिवड्यातले बरेच जण १९४८ मध्ये पोलंडला न जाता इंग्लंडला, आफ्रिकेला गेले ना? देशच नकाशावर पश्चिमेकडं सरकला. पूर्वेकडचा साधारण पावणेदोन लाख चौरस किलोमीटर गेला, पश्चिमेकडून जर्मनीचा लाखभर आला. ल्वूवची माणसं, तिथले प्राध्यापकसुद्धा, व्रोत्सवाफला आली, जे आदल्या वर्षापर्यंत जर्मन ब्रेस्लाऊ होतं. जर्मन माणूस घरातून निघतोय आणि पूर्वेकडचा पोलिश माणूस त्याच घरात शिरतोय, दोघांच्याही हातात बोचकी.

मुक्काम वॉर्सा

आजचं लिहितो. शेवटचं रशियन सैन्य १९९३ च्या सप्टेंबरात या देशातून गेलं. तिथून मोजलं तर तीस वर्षं उलटून गेली. माझ्या वयाचे सहकारी म्हणायचे, आमची पहिली पिढी जिला लढाई, दडपशाही काहीच माहीत नाही.

२४ फेब्रुवारी २०२२ ला ते बदललं. माझ्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, नव्वदीच्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझं दार वाजवलं आणि तळघरातल्या त्यांच्या खोलीत सामान ठेवायला मदत मागितली. पाच किलो साखर, पीठ, काडेपेट्या, मीठ, आणि पाण्याच्या बाटल्या. मी म्हटलं, लढाई तिकडं युक्रेनात आहे. त्या म्हणाल्या, "मी आठ वर्षांची होते तेव्हाही सगळे असंच म्हणायचे." आठवडाभरानं त्यांनी त्यातलीच अर्धी साखर बाहेर काढली, केक केला आणि स्टेशनवर उतरणाऱ्या युक्रेनियन बायकांना पाठवून दिला. मीच नेऊन दिला. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. मांजराच्या पिंजऱ्याला मिठी मारून झोपलेली मुलं, आणि त्यांच्यामधून सूपचे कप घेऊन फिरणारी कॉलेजची पोरं. त्या आठवड्यांत लोकांनी घरं उघडली. सरकारी सोय नंतर आली, माणसं आधी आली.

सांजवात यांनी लिहिलेला १९३० आणि त्यानंतर १९४३ मध्ये व्होलीनियात युक्रेनियन राष्ट्रवाद्यांनी केलेली पोलिश खेड्यांची कत्तल, हे दोन्ही इथं कुणी विसरलेलं नाही. तरी दारं उघडली. आता तीन-चार वर्षांनी कुरबुर वाढली आहे, तेही खरं. पण ते आठवडे मी डोळ्यांनी बघितले.

सरकार आता राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांहून जास्त खर्च संरक्षणावर करतंय. कंबरपट्टा सैल करायची म्हण इथं शाळेत शिकवतात.

पंचगंगाकाठ

मुक्काम वॉर्सा, त्या आजीबाईंना नमस्कार सांगा. केक वाचून मला झेंडूच्या बिया आठवल्या.

सिंधूकाठ

मी गांधीनगरचा. इथं पहिल्यांदाच लिहितोय, मराठी सांभाळून घ्या, घरी सिंधी बोलतो.

तुम्ही ज्याला वळिवडे कॅम्प म्हणता तेच आमचं गांधीनगर. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत सिंध सोडून आलेल्या आमच्या लोकांना जागा मिळाली. आजोबा शिकारपूरचे. दादी सांगायची, आम्हाला बराक मिळाली तेव्हा अंगणात दोन ओळींत दगड लावलेले होते आणि मधे वाळलेली रोपं. कुणीतरी बाग केलेली कळत होती. दादीनं दगड हलवले नाहीत, तिथं तुळस लावली.

आणि दाराच्या चौकटीवर चाकूनं केलेल्या बारीक रेघा होत्या, एकावर एक, प्रत्येकीपुढं परक्या लिपीत काहीतरी कोरलेलं. आजोबांना वाटलं हिशेब असेल. दादीनं एकदा माझ्या वडिलांना तिथं उभं केलं आणि म्हणाली, अरे, हा हिशेब नाही, पोराची उंची मोजली आहे. सर्वांत वरची रेघ वडिलांच्या कानापर्यंत आली. मग तिनं दुसऱ्या बाजूला त्यांच्या रेघा सुरू केल्या. नंतर काकांच्या, आत्याच्या.

बराक पाडून घर बांधलं तेव्हा वडिलांनी ते लाकूड टाकू दिलं नाही. आमच्या माडीवर कापडाच्या गाठींच्या मागं उभं आहे. कुणाला ती अक्षरं वाचता येत असतील तर फोटो काढून टाकतो.

मुक्काम वॉर्सा

टाका, आजच टाका. मी आजीबाईंना दाखवतो.

पंचगंगाकाठ

मी रविवारी येते, चालेल का? येताना झेंडूची रोपं आणते.